वाईट बातमीची तालीम

वाईट बातमी कशी सांगावी हे शिकवता येतं का, हा प्रश्न मला एका बाईंमुळे पडला. उल्हासनगरात कापडाचं दुकान असलेल्या घरातल्या त्या सिंधी बाई. त्यांचा नवरा आमच्या वॉर्डात होता. राउंड संपवून मी जिन्याकडे वळले, तर व्हरांड्यात आमचा एक रेसिडेंट औषधांच्या ट्रॉलीला वाट देत त्यांना उभ्याउभ्याच सांगत होता, "आंटी, कॅन्सर है. फैल गया है. मुंबई लेके जाना पडेगा." त्याच्या हातातला फोन वाजत होता. बाई "अच्छा" म्हणाल्या आणि ओढणी सावरून तिथेच उभ्या राहिल्या. तो निघून गेला. ट्रॉली वॉर्डात जाऊन परत आली तरी त्या हलल्या नव्हत्या.

मी त्या मुलाला केबिनमध्ये बोलावून चांगलंच झापलं. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, हे कुणी शिकवलंच नाही." मलाही कुणी शिकवलं नव्हतं. मी मेडिसिनची डॉक्टर. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या एका खाजगी मेडिकल कॉलेजात शिकवते. हृदयाचे ठोके कसे ऐकायचे, पोट कसं तपासायचं, हे मी कितीतरी बॅचेसना शिकवलं. पण माणसाला त्याच्या मरणाबद्दल कसं सांगायचं, हे ज्यानं त्यानं आपापल्या पेशंटवर चुका करत शिकायचं, असंच चालत आलं होतं.

त्यातून माझा संशोधनाचा विषय ठरला. इंटर्नशिप करणाऱ्या मुलांचे दोन गट करायचे. एका गटाला नेहमीसारखं लेक्चर द्यायचं आणि एक फिल्म दाखवायची. दुसऱ्या गटाला खऱ्या माणसासमोर बसवायचं, म्हणजे पेशंटची भूमिका करणाऱ्या, तयार केलेल्या माणसासमोर. मग दोन्ही गटांची परीक्षा घ्यायची, तिचं चित्रीकरण करायचं, आणि कोण कुठल्या गटातला हे माहीत नसलेल्या बाहेरच्या डॉक्टरांकडून गुण द्यायला लावायचे. कॉलेजच्या समितीनं परवानगी दिली, दोन कॅमेरे दिले, आणि शेजारच्या खोलीत बसून बघता यावं म्हणून एक स्क्रीनही दिला. राहिला फक्त माणूस.

तो माझ्याच ओपीडीत सापडला. अंबरनाथच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बीपीच्या गोळ्यांसाठी माझ्याकडे यायचे. मी त्यांना काका म्हणायचे. फॅक्टरीच्या कॉलनीत असताना गणपतीत नाटकं बसवायची, कामगारांच्या स्पर्धेत कामं करायची, हा त्यांचा मोठा शौक. बीपी मोजून होईपर्यंत ते जुन्या नाटकातला एखादा संवाद म्हणून दाखवत आणि मग मला परत मोजावं लागे. क्वार्टर सोडल्यावर त्यांनी पालेगावच्या बाजूला नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता. तिथे नाटक नव्हतं, ओळखीचे प्रेक्षक नव्हते. मी त्यांना माझी कल्पना सांगितली तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, "भूमिका केवढी आहे?"

पहिल्या तालमीला त्यांनी छाती धरली, "नाही, हे शक्य नाही" असं म्हणत ते उठले आणि खुर्चीसकट कोलमडले. मी म्हटलं, काका, हा दुसऱ्या अंकाचा पडदा झाला. आपल्याला कुठल्याही मंगळवारी ओपीडीत बसलेला माणूस हवा आहे. त्यांना जरा लागलं ते. पण पुढच्या वेळी आले ते डोकं लावून. जठराचा कॅन्सर झालेला, रिपोर्ट घ्यायला एकटाच आलेला, मुलीचं लग्न ठरलेला एक माणूस त्यांनी तयार केला होता. तो बातमी ऐकून काहीच बोलत नसे. चष्मा काढायचा, घडी घालून खिशात ठेवायचा आणि रिकाम्या पंजाकडे बघत राहायचा. एवढंच. मी ते पहिल्यांदा शेजारच्या खोलीतल्या स्क्रीनवर पाहिलं. मी इतकी खूश झाले की खोलीत जाऊन टाळ्या वाजवल्या.

मुलांना आम्ही एक पद्धत शिकवत होतो. आधी दार लावून बसायचं. मग विचारायचं, तुम्हाला आत्तापर्यंत काय काय सांगितलंय? त्यावरून माणसाला किती कल्पना आहे ते कळतं. मग, बातमी मनासारखी नाही, अशी सूचना द्यायची. मग साध्या शब्दांत आजाराचं नाव घ्यायचं. आणि मग गप्प बसायचं. सगळ्यात अवघड ते गप्प बसणं. मुलं घाबरून लगेच केमोथेरपी, ऑपरेशन, इन्शुरन्स असं काहीबाही बोलायला लागत. काका चष्मा काढून पंजाकडे बघत बसले की हळूहळू त्यांनाही गप्प राहणं जमायला लागलं.

सुरुवातीच्या तालमी आम्ही काकांच्या घरीच करायचो. मी बदलापूरला मांजर्लीत राहते. कॉलेजातून घरी जाण्याऐवजी स्कूटर पालेगावकडे वळवायची. त्यांच्या खिडकीतून एका बाजूला भातशेती आणि दुसऱ्या बाजूला क्रेन दिसे. काकू मूळच्या कोकणातल्या, कमी बोलणाऱ्या. माझ्यासाठी पोहे करायच्या, वर ओलं खोबरं घालायच्या. पण काकांचं वाक्य आलं, "म्हणजे मला कॅन्सर झालाय?", की त्या उठून स्वयंपाकघरात जात आणि सिंकचा नळ मोठा सोडत. असं दोन-तीनदा झाल्यावर मी विचारलं, काकू, आवडत नाही का तुम्हाला?

त्या हात पुसत दारात आल्या. म्हणाल्या, "घरात असं सारखं बोलू नये हो. वास्तू तथास्तु म्हणत असते."

मी हसले. म्हटलं, मग काकू, लॉटरी लागल्याचाही एक सीन करून घेऊ या. काकाही हसले. काकू हसल्या नाहीत, पण चिडल्याही नाहीत. चहा ठेवायला आत गेल्या. त्यानंतर आम्ही तालमी कॉलेजातच घेऊ लागलो. ते काकूंच्या म्हणण्याला मान देऊन नव्हे. तिथे कॅमेरा होता म्हणून.

दुसऱ्या गटातली मुलं तुकड्यातुकड्यांनी येत गेली. मला निरनिराळी माणसं हवी होती, कारण खरे पेशंट एकसारखे नसतात. काकांनी रागावणारा माणूस केला, हसत सुटणारा केला, "घरी कुणाला सांगू नका" म्हणून हात जोडणारा केला. मी शेजारच्या खोलीत बसून बघत असे आणि एखादा नीट उतरला नाही की इंटरकॉमवरून "काका, अजून एकदा" म्हणत असे. ते करत. एकाच दुपारी तोच माणूस परत परत तीच बातमी ऐकायचा, परत परत कोसळायचा आणि मधल्या वेळात बिस्किट खायचा. आमच्या समितीच्या नियमात होतं की भूमिका करणाऱ्याशी प्रत्येक सेशननंतर बोलायचं, त्याला त्रास होत नाही ना ते पाहायचं. मी बोलत असे. "छान झालं काका, तो तिसरा मुलगा फार घाबरला होता नाही?" असं. मग चहा.

एकदा चहा घेताना ते म्हणाले, "एक गंमत सांगू मॅडम? हल्ली मला कशाचंच काही वाटत नाही. परवा बिल्डिंगमधला एक जण गेला, त्याचा मुलगा रडत होता, तर मी बघत होतो की हा श्वास कुठे घेतोय." मला ते फार आवडलं. नटाचं निरीक्षण म्हणून ती गोष्ट मी पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगितली, आणि सगळ्यांनी वा म्हटलं. आता मी ते वाक्य आठवते तेव्हा वाटतं, एखादा पेशंट मला म्हणाला असता की डॉक्टर, हल्ली पायाला काही लागलं तरी कळत नाही, तर मी टाचणी घेऊन त्याचा पाय तपासला असता.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता काका काकूंना घेऊन ओपीडीत आले. काकूंचे डोळे पिवळे झाले होते. आधी त्या गावाकडच्या कुणाचं तरी काविळीचं औषध घेऊन बसल्या होत्या. अंगाला खाज सुटली, जेवण जाईना, तेव्हा काका जबरदस्तीनं घेऊन आले. मी पोटाला हात लावला आणि बोटांना जे लागलं ते मला आवडलं नाही. सोनोग्राफी केली, मग स्कॅन. रिपोर्ट माझ्याकडे आला. पित्ताशयाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला.

काकांना मी दोघंही या असा निरोप दिला होता. ते एकटेच आले. काकूंना अशक्तपणा होता, रिक्षाचे धक्के सोसत नव्हते, असं म्हणाले. मी दार लावलं, बसले. या माणसाला मी कितीतरी दिवस ओळखत होते, त्याच्या घरचे पोहे खाल्ले होते. तरी माझ्या तोंडून आपोआप तेच आलं. मी विचारलं, "काका, तुम्हाला आत्तापर्यंत काय काय सांगितलंय?"

त्यांचा चेहरा एकदम बदलला. ते म्हणाले, "मॅडम, ते नको. तुम्ही हा प्रश्न विचारला की पुढे काय येतं ते मला पाठ आहे."

मी दुसरं एखादं वाक्य शोधायला गेले, आणि माझ्याजवळ दुसरं वाक्यच नव्हतं. जे होतं ते सगळं मी त्यांच्याच समोर बसून घोटलं होतं, शब्दन् शब्द. बातमी मनासारखी नाही, हेही त्यांनी शेकडो वेळा ऐकलेलं. मी गप्प बसले, तर ती शांतताही आम्हीच बसवलेली होती. शेवटी मी रिपोर्ट त्यांच्याकडे सरकवला आणि आजाराचं नाव सांगितलं. ते ऐकून त्यांनी चष्मा काढला. घडी घातली. खिशाकडे हात नेला आणि मध्येच थांबले.

चष्मा हातात तसाच धरून ते माझ्याकडे बघत होते. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, मी ॲक्टिंग करतोय."

मी म्हटलं, काका, तसं नाही. ते म्हणाले, तसंच आहे. त्यांनी चष्मा परत लावला. मग हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. टेबलावर ठेवले, मांडीवर ठेवले. रागावणाऱ्या माणसाचे हात कसे असतात, हात जोडणाऱ्याचे कसे, हे सगळं त्यांना येत होतं, आणि त्यातलं कुठलंच त्यांचं स्वतःचं नव्हतं. "मला खरं काय होतंय तेच कळत नाही हो," एवढं ते म्हणाले. दारावर पुढच्या पेशंटनं टकटक केली. काका उठले, मीच तिला सांगतो म्हणाले, आणि गेले. मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगायचं तर ते गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यांनी काकूंना सांगितलं नाही. फोनवर मी विचारत होते, ते आज सांगतो, उद्या सांगतो म्हणत होते. मुंबईला नेऊन पित्ताच्या नळीत स्टेंट टाकायचं ठरलं, ते त्यांनी "नळीत खडा अडकलाय" असं म्हणून पार पाडलं. डोळ्यांचा पिवळेपणा उतरला, काकूंना थोडं जेवण जायला लागलं. आणि एके दिवशी सकाळी काकू एकट्याच रिक्षा करून माझ्या ओपीडीत आल्या. रांगेत नंबर लावून बसल्या होत्या. सिस्टरनं ओळखून आत आणलं.

"ह्यांना कळलंय काय ते," त्या म्हणाल्या. "मला सांगायला बसतात समोर. पाणी आणून ठेवतात. मग नुसते बघत राहतात. तुम्ही सांगा. ह्यांच्या तोंडून ऐकलं तर मला ते खरंच वाटायचं नाही."

तोवर त्या विषयावर कितीतरी भाषणं दिलेली मी. पण त्या दिवशी मी इतकं वाईट सांगितलं की माझ्या गटातला सगळ्यात कच्चा मुलगाही माझ्यापेक्षा बरा ठरला असता. मी मधूनच सुरुवात केली, लिव्हरचं आधी बोलले, मग स्टेंटचं, मग केमोचं. कॅन्सर हा शब्द कुठेतरी मध्येच आला आणि मी लगेच परत स्टेंटकडे वळले. काकूंनीच टेबलावरचा माझा हात दाबला. थोड्या वेळानं विचारलं, किती दिवस असं विचारत नाही, पण दिवाळी होईल का. मी म्हटलं, दिवाळी होईल. मग त्या उठल्या. दारापाशी वळून म्हणाल्या, "आणि मी ते वास्तूचं म्हणायचे ना, ते मनाला लावून घेऊ नका. तसं काही नसतं."

त्यांना स्वतःला तसं वाटत होतं की नाही, मला माहीत नाही. आमच्या तालमींमुळे कुणाला कॅन्सर होत नाही हे मला पुरतं ठाऊक आहे. ते मी परीक्षेत लिहून पास झाले आहे. पण ज्या बाईनं आमच्यासाठी पोहे करता करता फक्त एवढं मागितलं होतं की माझ्या घरात हे बोलू नका, तिला मी लॉटरीचा विनोद ऐकवला होता. आणि आता ती माझी समजूत घालून जात होती. त्यापेक्षा तिनं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

दिवाळी झाली. काकूंनी थोड्या करंज्याही केल्या, काकांनी कणीक मळून दिली. केमो दोनदा झाली, तिसरी सोसली नाही. त्या सुमारास माझ्या संशोधनाचा निकाल हातात आला. तो आम्हाला हवा तसाच होता. माणसासमोर बसून शिकलेली मुलं लेक्चर ऐकलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे चांगली ठरली, आणि बाहेरच्या परीक्षकांनी ते आपण होऊन नमूद केलं. मला पुण्याला एका परिषदेत ते मांडायला बोलावलं. सोबत चित्रीकरणाचा एखादा तुकडा दाखवा, असं आयोजकांनी सुचवलं. काकांनी सही करून परवानगी दिलेली होती, तरी मी फोन केला. ते हॉस्पिटलमध्येच होते, काकूंना पोटात पाणी झाल्यामुळे ॲडमिट केलं होतं. ते म्हणाले, "दाखवा ना. तो मी थोडाच आहे?"

मी दाखवला. मोठ्या पडद्यावर काकांनी चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला, पंजाकडे पाहिलं. सभागृहात टाळ्या. प्रश्नोत्तरात मागच्या रांगेतल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी उठून विचारलं, या गृहस्थांना या कामाचा काही त्रास होत नाही का? मी म्हटलं, त्यांची आम्ही पूर्ण काळजी घेतो, प्रत्येक सेशननंतर त्यांच्याशी बोलतो. ते "उत्तम" म्हणून बसले. उत्तर खोटं नव्हतं. नियमात तसं होतं, आणि मी खरंच बोलत होते. परतीच्या वाटेवर घाटात मी सोबत आलेल्या नवऱ्याला गाडी थांबवायला सांगितली. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि कसं झालं म्हणून विचारलं. मी टाळ्यांचं सांगितलं, त्या प्रश्नाचं नाही.

काकू थंडीतच गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. काका येणाऱ्याजाणाऱ्याला बसा म्हणत होते, कुणाला पाणी मिळालं नाही ते बघत होते. बायका आपसात कुजबुजत होत्या की डोळ्यांत टिपूस नाही, कसा माणूस. एक तर मला म्हणाली, नाटकात काम करायचे ना, सवय असेल. माझ्याइतकं त्यांच्या कोरड्या डोळ्यांचं कारण तिथे कुणाला माहीत नव्हतं, आणि मी चपला घालून खाली उतरले.

नवीन वर्षात कॉलेजनं एक सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. त्यात स्क्रीनवर एक पेशंट असतो. मुलं त्याच्याशी मराठीत, हिंदीत बोलतात. तो उत्तरं देतो, डोळे पुसतो, मध्येच रागावतो. समितीत मला विचारलं गेलं. सगळ्यांना वाटत होतं मी विरोध करणार, कारण जिवंत माणसाशिवाय हे नीट शिकता येत नाही हे माझ्याच संशोधनात आलेलं होतं. मी म्हटलं, घेऊ या. तो थकत नाही, त्याला केव्हाही बसवता येतं. सगळं तसं खरंच होतं. खरं कारण मी सांगितलं नाही: त्याला घर नव्हतं, आणि त्याच्या घरी कुणी बाई नळ मोठा सोडून उभी नव्हती.

मुलांना तो आवडला. आवडणारच, त्याच्यासमोर कुणाचे पाय कापत नाहीत. पण थोड्याच दिवसांत मला वॉर्डात फरक दिसू लागला. मुलं पेशंटसमोर वाक्यं बरोबर म्हणत आणि मग उत्तराची वाट बघत त्याच्या चेहऱ्याकडे अशी बघत, जशी मशीनकडे बघतात. एका इंटर्नला मी विचारलं, गप्प का नाही बसलास? तो म्हणाला, "मॅडम, स्क्रीनवर गप्प बसलं की सिस्टीम टाइम आउट होते." म्हणजे एका माणसाला वाचवायला जाऊन मी वॉर्डातल्या कितीतरी पेशंटना त्यात ओढलं होतं. पहिली बोच होतीच, आता ही दुसरी.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला काका आले. बीपीच्या गोळ्या घ्यायला म्हणून. मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, काम बंद आहे का? मी सॉफ्टवेअरचं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "माझ्या जागी डबा बसवला म्हणा."

मला वाटलं आता बोलून टाकावं. मी सांगितलं, जसं सुचलं तसं: की त्या दिवशी तुम्हाला स्वतःचं रडता आलं नाही, त्याला मी कारण आहे, तुमच्याकडून मी इतक्यांदा ते करून घेतलं की ते संपलं, म्हणून तुम्हाला परत बोलवायचं माझं धाडस झालं नाही. ते खिडकीकडे बघत होते. न वळताच म्हणाले, "मी करत होतो ते मला आवडत होतं, मॅडम. तुम्ही धरून नेलं नव्हतं मला. आता सगळं तुमच्याच डोक्यावर घेतलंत तर मग माझ्याकडे काय राहिलं?"

ते पुढे म्हणाले, मला परत काम द्या. पेशंटचं नको, नवऱ्याचं द्या. बायकोची बातमी घ्यायला आलेला नवरा. मी नाही म्हटलं. ते फार आग्रह न करता गेले. मी आठवडाभर त्यावर विचार केला, आमच्या मानसोपचाराच्या मॅडमशी बोलले, त्यांना काकांशी स्वतंत्र बोलायला लावलं. त्या म्हणाल्या, हरकत नाही. पण एका दिवशी एकच मुलगा, आणि काका थांबा म्हणतील तिथे थांबायचं. हे मला आधी का सुचलं नाही, असं त्यांनी विचारलं नाही. मीच मला विचारलं.

काका आले. समोर एक मुलगी होती, बदलापूरचीच, अभ्यासात मध्यम. शेजारच्या खोलीत मी आणि मानसोपचाराच्या मॅडम बसलो. मुलीनं दार लावलं, विचारलं, सांगितलं, गप्प बसली. काकांनी बातमी ऐकली आणि म्हणाले, तिला भात फार पातळ लागतो, तसा मला जमत नाही. मग भाताबद्दलच बोलत राहिले. पाणी किती घालायचं, शिट्ट्या किती. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. मुलीनं यापुढे शिकवलेलं काही केलं नाही, तिनं फक्त "मग?" विचारलं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, थांबवायचं का म्हणून. मी काकांकडे बघत होते. ते थांबा म्हणाले नाहीत.

बाहेर आल्यावर त्यांनी तोंड धुतलं आणि विचारलं, कसं झालं? मी विचारलं, काका, ते खरं होतं का? "मलाही नीट कळलं नाही," ते म्हणाले. "पण मुलगी चांगली आहे. पुढच्या आठवड्यात येऊ ना?"

मी हो म्हटलं. ते आता येतात. सॉफ्टवेअरही चालू आहे, कारण विद्यार्थी खूप आहेत आणि काका एकच. त्यांना ज्या दिवशी यायचं असतं त्या दिवशी सकाळपासून माझं कामात लक्ष नसतं. ते आनंदानं येतात, हे मला दिसतं. तरी शेजारच्या खोलीत बसल्यावर माझा हात इंटरकॉमजवळ जातो आणि मी तो मागे घेते. त्या दिवशीचा हो मी त्यांच्यासाठी म्हटला की माझ्या मुलांसाठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.